टॅपेट वाजतात तेव्हा : लांब पल्ल्याच्या मोटरसायकलच्या आवाजाचा आढावा

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६५ इटकळ मागे टाकून अणदूरला येतो आणि नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा करत कर्नाटकात शिरतो. पूर्वी याच रस्त्याला एनएच ९ म्हणत. पुण्याहून हैदराबादला मोटरसायकलवर जाणारे बहुतेक जण इथूनच जातात. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघायला लोक येतात, नवरात्रात तुळजापूरची गर्दी असते, अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला येणारेही असतात. चहाला गाडी थांबली की इंजिन बंद करण्याआधी कान खाली जातो आणि कुणीतरी म्हणतंच, ‘टॅपेट वाजायलेत.’ मग वाद सुरू होतो. आवाज आहे तसा चालवून घ्यायचा, गाडी उघडायची, तेल बदलायचं, की कानात बोळे घालून पुढे निघायचं?

या चारही उत्तरांना धरून राहणारे अनुभवी लोक आहेत आणि प्रत्येकाच्या म्हणण्याला आधार आहे. ते एकमेकांच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, हीच खरी अडचण. इंजिनाची तब्येत, चालवणाऱ्याचा कान आणि रस्त्याकडेच्या माणसाची शांतता हे तीन वेगळे विषय एकाच आवाजात मिसळले आहेत. ते वेगळे करून आज चर्चा कुठवर आली आहे ते इथे पाहू.

आवाजाची पूर्वपीठिका

आपल्या रस्त्यांवर हा प्रश्न फार काळ एकट्या बुलेटचा होता. राजदूत, जावा, येझदी आणि नंतर यामाहा आरएक्स १०० या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या इंजिनात कॅम नाही, रॉकर नाही, कॅमने उघडझाप होणारे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच सिलिंडरच्या भिंतीतली भोकं झाकतो आणि मोकळी करतो. त्यामुळे राजदूत चालवणाऱ्याला टॅपेटची चिंता कधी पडली नाही. बुलेट मात्र फोर-स्ट्रोक. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रेडिच इथल्या रॉयल एनफिल्डशी हात मिळवून एनफिल्ड इंडिया काढली आणि ३४६ घनसेंटिमीटरची पुशरॉड बुलेट इथे बनू लागली. ओतीव लोखंडाचा सिलिंडर, खाली दोन कॅम, त्यांवरून वर जाणारे दोन पुशरॉड, डोक्यावर रॉकर. या इंजिनाचा टकटक आवाज तिच्या धडधडीचाच भाग मानला गेला. त्याच बुलेटच्या सांगाड्यात ग्रीव्ज-लोंबार्डिनीचं ३२५ घनसेंटिमीटरचं डिझेल इंजिन बसवलेली टॉरसही काही वर्षं खेड्यापाड्यांत फिरली. तिच्या खडखडाटाबद्दल कुणाची तक्रार नसे, कारण डिझेल कमी लागायचं.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा शांत फोर-स्ट्रोक इंजिन पडलं. तिच्या ९७ घनसेंटिमीटरच्या इंजिनात कॅम वर, हेडमध्येच होता. हलणारे भाग कमी आणि हलके. गाडी सिग्नलला उभी असली तर चालू आहे की बंद हे कळत नसे. ‘चांगल्या’ इंजिनाबद्दलची पुढच्या पिढीची कल्पना या गाडीने घडवली. पुढे उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, टू-स्ट्रोक बाजारातून गेल्या आणि व्हॉल्व्ह प्रत्येकाच्या गाडीत आले.

नंतर गाड्या मोठ्या झाल्या. हिरो होंडाची करिझ्मा २००३ ची, पुण्याजवळ चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक २०१३ ची. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि बजाजची डॉमिनार आली, २०१८ मध्ये ६५० ची जुळी इंजिनं. या गाड्यांवर माणसं दिवसाला पाचशे-सहाशे किलोमीटर जाऊ लागली. त्याच काळात बीएस ३, बीएस ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ असे उत्सर्जन नियमांचे टप्पे आले. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला, एक्झॉस्ट गप्प झाला, कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर आला आणि त्याची स्वतःची टिकटिक घेऊन आला. ‘जुन्या गाड्या अशा वाजत नव्हत्या’ या तक्रारीचा मोठा भाग इथे उलगडतो. जुन्या गाडीतही टॅपेट वाजतच होते. सायलेन्सरच्या आवाजाखाली ते झाकले जात.

गॅप कशासाठी ठेवतात

मतांकडे वळण्याआधी यंत्राकडे पाहावं लागतं, कारण निम्मे वाद यंत्र न पाहता झालेले असतात. व्हॉल्व्ह बंद असताना त्याचं दांडकं आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यात मुद्दाम थोडी जागा सोडलेली असते, तिलाच गॅप म्हणतात. गाडीनुसार ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या मागेपुढे. कॅम फिरला की रॉकर ही जागा ओलांडून व्हॉल्व्हवर आदळतो, तीच टिक, तेच ‘टॅपेट वाजणं’. क्रँक ३,००० फेऱ्यांवर फिरत असेल तर कॅम १,५०० वर असतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. कानाला तो सलग खडखडाट वाटतो.

जागा ठेवायचं कारण उष्णता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद होण्याइतका तापतो आणि लांबतो. लांबायला वाव नसेल तर तो सीटवर नीट बसत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकलेल्या क्षणांतच हेडमध्ये उतरते. टेकला नाही तर उष्णता बाहेर पडत नाही, फटीतून जळता वायू सुटतो, कड जळते, कॉम्प्रेशन जातं, गाडी किक मारून दमवते.

पुशरॉडच्या इंजिनात धातूंची आणखी एक कसरत चालते. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १५ सेंटिमीटर उंचीचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग १०० अंशांनी तापला तर साधारण ०.३५ मिलिमीटर वाढतो, तेवढ्याच लांबीचा पोलादी पुशरॉड ०.१८ मिलिमीटर. फरक ०.१७ मिलिमीटरचा, म्हणजे मूळ गॅपहूनही जास्त असू शकतो. असं इंजिन तापल्यावर अधिक वाजतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या भागात पारा ४० च्या वर जातो. सोलापूर सोडल्यावर हवेने थंड होणारं इंजिन नळदुर्गपर्यंत जे ऐकवतं ते महाबळेश्वरच्या घाटात सकाळी ऐकू येत नाही, ते यामुळेच.

आता या सगळ्या चर्चेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. किलोमीटर वाढतात तसा व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांना झिजवत जातात, व्हॉल्व्ह किंचित वर सरकतो, आणि बऱ्याच इंजिनांत गॅप कमी होत जातो. म्हणजे टिकटिक हळूहळू मंदावते. मालक खूश होतो, गाडी ‘सेट’ झाली म्हणतो, आणि नेमकी तेव्हाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायची तयारी चाललेली असते. ढिला टॅपेट कॅम आणि रॉकरची तोंडं ठोकत राहतो, ताकद थोडी घटवतो, पण आधी ओरडून सांगतो. टाइट टॅपेट काही सांगत नाही.

मिस्त्री, कंपनी आणि मालक

रस्त्याकडेच्या अनुभवी मिस्त्रींचं मत वरच्या हिशेबाशी जुळतं: थोडे वाजू द्या, टाइट करू नका. लोखंडी बुलेटवर हात बसलेला मिस्त्री थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी फिरवून बघायचा. फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मग चावीने लॉकनट आवळायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून आवाज कुठून येतो तेही तो सांगत असे. या पद्धतीत शहाणपण आहे, कारण इंजिनातला प्रत्येक खडखडाट टॅपेटचा नसतो. सुरू करताना येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा बोजड ठोका पिस्टनचा असतो. खळखळ ढिल्या टायमिंग चेनची असू शकते. क्लच दाबला की थांबणारा आवाज क्लचचा. हेडजवळ गॅस्केट फुटलं असेल तर एक्झॉस्टची फुटफुट हुबेहूब टॅपेटसारखी ऐकू येते, आणि या एका सारखेपणामुळे किती टॅपेट कव्हरं विनाकारण उघडली गेली असतील! चढावर, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिल्यावर खडे वाजल्यासारखा आवाज आला तर तो पेट्रोल अवेळी पेटल्याचा. आणि भार पडल्यावर खालून येणारा खोल ठोका कनेक्टिंग रॉडचा. तो ऐकल्यावर गाडी पुढे नेऊ नये, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

या बाजूची मर्यादा हीच की ती हातावर आणि कानावर अवलंबून आहे. हिमालयन ४५० किंवा केटीएमसारख्या दोन कॅमच्या इंजिनात स्क्रू फिरवून काही होत नाही. तिथे गॅप फिलर गेजने मोजायचा आणि मिलिमीटरच्या अंशांत फरक असलेली शिम, म्हणजे पातळ चकती, बदलायची. हे काम अंदाजाने होत नाही, आणि शिमचा संच गावोगावच्या गॅरेजमध्ये नसतो.

कंपन्यांचं उत्तर दोन प्रकारचं आहे. सर्व्हिस सेंटरवरचं ठरलेलं उत्तर: हा आवाज या इंजिनाचा स्वभाव आहे. ग्राहकाला ते टोलवाटोलवीचं वाटतं आणि काही वेळा असतंही. पण गॅप ठरलेल्या मर्यादेत असेल तर ते खरं असतं. मर्यादेच्या दोन टोकांना असलेल्या, एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या वेगवेगळ्या वाजतात आणि दोन्ही निर्दोष असतात.

दुसरं उत्तर रचनेतलं. हार्ले-डेव्हिडसनने १९४८ च्या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर बसवले. तेलाच्या दाबाने लिफ्टर स्वतः गॅप भरून काढतो, म्हणजे सेटिंगच नको. होंडाने १९८८ च्या सहा सिलिंडरच्या गोल्डविंगमध्येही गॅप आपोआप भरणारी हायड्रॉलिक रचना ठेवली होती. आपल्याकडे २००८-०९ च्या सुमारास रॉयल एनफिल्डचं नवं युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन आलं तेव्हा त्यातही हायड्रॉलिक लिफ्टर होते, आणि थंडरबर्ड, क्लासिक घेणाऱ्या पिढीला टॅपेट सेटिंग हा शब्दच माहीत नव्हता. तरी आवाजाची तक्रार उरलीच. गाडी बरेच दिवस उभी राहिली की लिफ्टरमधलं तेल उतरतं आणि सुरू केल्यावर थोडा वेळ ते वाजतात. तेल घाण झालं किंवा कमी पडलं तरीही वाजतात, आणि तेव्हा मालकाच्या हातात फिरवायला स्क्रू नसतो.

पुढचं वळण लक्ष देण्यासारखं आहे. गोल्डविंग १८०० साठी होंडा २००१ मध्ये शिमकडे वळली. रॉयल एनफिल्डनेही ६५० मध्ये आणि २०२० च्या मिटिऑरपासूनच्या ३५० मध्ये कॅम हेडमध्ये नेला आणि गॅप पुन्हा हाताने लावायचा ठेवला. तरी जुन्या लोखंडी बुलेटच्या मानाने आजची ३५० किती शांत आहे, हे दोन्ही चालवलेल्याला सांगावं लागत नाही. अचूक घडण, हलके भाग, कॅमच्या उंचवट्याचा सौम्य चढउतार आणि काउंटर बॅलन्सर यांनी लिफ्टरशिवाय आवाज खाली आणता येतो, हे यातून दिसलं. हायड्रॉलिक की यांत्रिक, हा वाद मला तरी आता जुना वाटतो.

मालकांत दोन तट आहेत. एकाला शांत गाडी हवी. दिवसभर पायांमध्ये चाललेली टिकटिक त्याला थकवते, आणि काहीतरी तुटायला आलंय अशी धास्ती प्रवासभर सोबत करते. ही धास्ती खोटी म्हणून झटकू नये. उमरग्याच्या पुढे भाषा बदलते, ओळखीचं गॅरेज मागे राहतं, आणि एकट्या माणसाला प्रत्येक आवाज मोठा होऊन ऐकू येतो. दुसऱ्या तटाला इंजिनाचा आवाज हवाच असतो. गिअर कधी टाकायचा, चढ कुठे सुरू झाला, तेल कमी आहे का, हे तो कानाने ओळखतो. बीएमडब्ल्यूची आडवी जुळी इंजिनं वाजतात आणि लाखाच्या पुढे किलोमीटर जातात, हा त्यांचा आवडता दाखला. दोघांनाही एक गोष्ट उपयोगी पडते: आवाज मोठा आहे का यापेक्षा तो बदलला आहे का हे पाहणं. एकाच जागी, तेवढ्याच तापलेल्या इंजिनावर, आयडलला ऐकलं तर कान चांगला साक्षीदार ठरतो. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग तितकं विश्वासाचं नाही, कारण फोन बारीक आवाज स्वतःहून उचलतो आणि मोठा दाबतो. त्यात निरोगी इंजिनही मोडकळीला आल्यासारखं ऐकू येतं.

इथे आणखी एक बाब राहून जाते, ती आवाजाच्या परावर्तनाची. डिव्हायडरच्या भिंतीलगत किंवा उड्डाणपुलाखालून जाताना टॅपेट अचानक जोरात वाजू लागतात. इंजिन तेच असतं, आवाज आपटून परत येतो. गाडीला पुढे मोठी काच बसवली तरी तसंच होतं. वारा अडतो, त्यामुळे आतापर्यंत वाऱ्याखाली दबलेलं इंजिन वर येतं. काच बसवल्यानंतर गाडी बिघडली म्हणून गॅरेजला जाणाऱ्याने आधी काच काढून पाहावी.

तेलाचा वाद

यावर चर्चा सर्वांत जास्त होते आणि हाती सर्वांत कमी लागतं, म्हणून थोडक्यात. जाड तेलाने आवाज दबतो, हे खरं. १०० अंशांना ५० ग्रेडच्या तेलाची विष्यंदिता १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. जाड थर ठोका मऊ करतो. पण गॅप त्याने भरत नाही. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलं असताना आवाजासाठी २०डब्ल्यू-५० घालणाऱ्याच्या गाडीत थंड सकाळी तेल वर हेडपर्यंत उशिरा पोचतं, आणि कॅमची झीज याच वेळात जास्त होते. उलट बाजूचे सांगतात की ४२ अंशांत, डबल सीट आणि सामान घेऊन ताशी ९० ने जाणाऱ्या हवाथंड इंजिनाचं तेल कंपनीच्या चाचणीत धरलेल्या तापमानापेक्षा पातळ होत असणार. पुस्तिकेने दोन ग्रेड दिले असतील तर उन्हाळ्यात जाड निवडायला हरकत नाही, इथवर दोन्ही बाजू येऊ शकतात. एका बाबतीत मात्र मतभेदाला जागा नाही: बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. त्यामुळे तेलाच्या डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए २ ही खूण हवी. चारचाकीचं घर्षण घटवणारं तेल किंवा ‘आवाज घालवणारं’ बाटलीतलं मिश्रण क्लच घसरवू शकतं.

कान

इथपर्यंतची सगळी चर्चा इंजिनाची. चालवणाऱ्याच्या कानाचा विषय आपल्याकडे उशिरा आला आणि अजून नीट रुजलेला नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये झालेल्या मोजमापांतून दिसलं की ताशी साधारण ६५ किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज इंजिनावर मात करतो आणि ९० डेसिबलच्या आसपास जातो. वेग वाढला की तो झपाट्याने चढतो. हेल्मेटच्या खालच्या कडेशी आणि मानेजवळ हवा फाटते, आणि कवटीला चिकटलेलं हेल्मेट तो आवाज आत पोचवतं. म्हणजे ज्या टॅपेटवर तासभर बोललं जातं ते कानाला इजा करत नाहीत. ज्या वाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही तो करतो.

किती वेळ चालतं याचे दोन हिशेब आहेत. भारतातल्या कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संशोधन संस्था एनआयओएसएच ८ तासांना ८५ डेसिबल धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. आता रस्त्यावर मांडून बघा. हेल्मेटच्या आत ९४ डेसिबल आणि वेग ताशी ८० धरला, तर सोलापूरहून निघालेल्या माणसाचा दिवसाचा वाटा उमरगा यायच्या आत संपतो. हैदराबादला जाणारा आणखी तीनेक तास चालवतो, आणि पुण्याहून आलेला असेल तर अडीचशे किलोमीटर त्याने आधीच घातलेले असतात. रात्री लॉजवर कानात गुंई आवाज येतो, सकाळी जातो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

उपाय स्वस्त आहे: फोमचे इअरप्लग, पिळून, कान वर ओढून नीट बसवलेले. त्यावर आक्षेपही गंभीर आहे. आपल्या रस्त्यांवर हॉर्न हीच भाषा आहे. मागून येणारा ट्रक, उसाच्या ट्रॅक्टरमागून अचानक सरकणारी एसटी, हे ऐकू यायलाच हवं. प्लगवाल्यांचं उत्तर असं की प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच कमी करतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक टिकतो, आणि वेगात उलट हॉर्न जास्त स्पष्ट कळतो. उघड्या हायवेवर हे पटतं. गावातून, शाळेसमोरून, ताशी ३० ने जाताना वारा नसतोच. तिथे प्लगने फक्त बाहेरचं जग दूर जातं. माझं मत असं की हायवेला लागताना घालावे आणि गाव आलं की काढावेत; पण दर दहा-पंधरा किलोमीटरला गाव येणाऱ्या रस्त्यावर हे कितपत निभेल, ही शंका रास्त आहे. प्लग घातले की टॅपेटची टिकटिकही बरीच नाहीशी होते. धास्ती असणाऱ्याला त्याने बरं वाटतं, पण कानाने गाडी चालवणाऱ्याचं साधन जातं. अशाने निदान थांब्यावर, निघण्याआधी, प्लग काढून एक मिनिट आयडल ऐकावं.

काच लावून वारा अडवण्याचाही एक पक्ष आहे. काचेची वरची कड नेमकी हेल्मेटच्या पातळीला आली तर तिथून सुटणारे भोवरे हेल्मेटवर आदळतात आणि आवाज वाढतो. म्हणून सहा फुटी माणसाला लाभलेली काच साडेपाच फुटी माणसाला त्रास देते.

रस्त्याकडेचा माणूस

कायद्याच्या भाषेत आवाज म्हणजे बाहेर जाणारा आवाज. नवं मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याच्या आवाजाची चाचणी होते. गाडी माइकपासून ७.५ मीटरवरून थ्रॉटल देत नेली जाते. मर्यादा ८० घनसेंटिमीटरपर्यंत ७५ डेसिबल, १७५ पर्यंत ७७ आणि त्यावर ८०. या मोजमापात टॅपेटचा वाटा छोटा असतो, तरी एक्झॉस्ट आणि इनटेक जितके शांत होत जातात तितकं उरलेल्या यांत्रिक आवाजाकडे कंपन्यांना पाहावं लागतं. शांत टॅपेटसाठीचं बरंचसं संशोधन ग्राहकाच्या तक्रारीइतकंच या दडपणातून आलं आहे.

गावात ज्याचा जाच होतो तो बदललेला सायलेन्सर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली त्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली घातले आहेत. टॅपेटच्या चर्चेत हा विषय ओढला जातो, कारण ‘टॅपेटचा आवाज झाकतो’ असं सांगून मोकळा सायलेन्सर विकला जातो. झाकला जातोही. पण मग टॅपेट ढिले झाले, टायमिंग चेन सैल झाली, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि दवाखान्याच्या समोरून ती गाडी जाते तेव्हा आत झोपलेल्या रुग्णाने कुणाचं काय बिघडवलेलं असतं?

अनुत्तरित

सर्वांत आधी, ‘नॉर्मल’ म्हणजे किती, याला गॅरेजच्या टेबलावर मोजमाप नाही. गॅपला आकडा आहे, आवाजाला नाही. सर्व्हिस पावतीवर ‘टॅपेट तपासले’ एवढंच लिहिलेलं असतं; इनटेकचा गॅप किती होता आणि किती ठेवला, हे दोन आकडे लिहायला काही खर्च नाही. ते दर वेळी लिहिले गेले तर गॅप कमी होतोय की वाढतोय हे मालकाला आवाजाच्या आधी कळेल. जुन्या मिस्त्रींनी हे कधी लिहून ठेवलं नाही, आणि शिकलेल्या सर्व्हिस सेंटरांनीही ती सवय लावलेली नाही.

गॅप तपासायचं अंतर पुस्तिकेत ठरलेलं असतं. पण मराठवाड्याच्या उन्हात, लांबच्या भरधाव प्रवासात ते तेवढंच धरावं की आधी, यावर मिस्त्री आणि कंपनी यांचं जमत नाही. मिस्त्री आधी म्हणतात, आणि व्हॉल्व्ह जळाल्यावर येणारा खर्च पाहता त्यांच्याकडे झुकावंसं वाटतं. मात्र वॉरंटीच्या काळात बाहेर कव्हर उघडलं तर उद्याच्या दाव्याचं काय, ही भीती मालकाला सर्व्हिस सेंटरलाच बांधून ठेवते, आणि अणदूरसारख्या ठिकाणाहून ते सोलापूरला गाठावं लागतं.

हेल्मेटवर आयएसआयची खूण असते. डोकं किती वाचेल याची ती हमी आहे. ताशी ८० ला आत किती डेसिबल, हा आकडा त्यावर नसतो, म्हणून दुकानात माणूस रंग, वजन आणि किंमत पाहून निवडतो. विजेच्या मोटरसायकली लांबच्या रस्त्यावर आल्या की व्हॉल्व्हच राहणार नाहीत, तेव्हा हा सगळा प्रश्न मिटेल, असं काही जण म्हणतात. टॅपेटपुरता मिटेल. वारा तेवढाच राहील, आणि खाली इंजिन नसताना तो किती मोठा आहे हे पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येईल. हेल्मेटच्या खोक्यावर डेसिबलचा आकडा छापा, ही मागणी तोवर कोणी करतं का, ते पाहायचं.